आबा रिडिम

परवा उइटहॉर्नला लेकीकडे कणीक मळत होते. नात समोरच्या खुर्चीवर फोन घेऊन बसलेली. आणि त्या फोनमधून एकदम ते वाजलं. तीन थापा, जरासं थांबणं, मग एकच थाप, आणि खालून पोट ढवळून काढणारा बास. माझे हात कणकेतच राहिले. "काय गं लावलंयस हे?" तर कार्टी डचमध्ये म्हणते, "आबा आहे, ओमा. सगळे यावर नाचतात." आजी म्हणायला हिची जीभ वळत नाही, पण आबा म्हणायला बरोबर वळते!

मी म्हटलं, बंद कर ते. ती रुसली. तिला काय सांगणार मी? हा आबा कोण, हे सांगायचं तर मिलिंदबद्दल सांगायला हवं, आणि मिलिंदबद्दल बोलायला लागले की माझं पुढचं काम होत नाही.

तेव्हा आम्ही इथेच, हॉलंडमध्ये, झूटरमेरला राहत होतो. एका ओळीत चिकटलेली घरं, मागे हातभर अंगण आणि अंगणाच्या टोकाला सायकली ठेवायची लाकडी शेड. शेजारचं घर एका मराठी जोडप्यानं घेतलं म्हटल्यावर मी केवढी हुरळले होते. पुरणपोळ्यासुद्धा पोचवल्या. पण दुपारी जरा आडवी झाले की आमच्या कपाटातले कप किणकिणायला लागायचे. आधी वाटलं रस्त्याचं काम चाललंय. मग लक्षात आलं, हा धडधडाट शेजारच्या शेडमधून येतोय. तरातरा गेले आणि दार वाजवलं.

दार उघडलं एका काटकुळ्या उंच माणसानं. हाच मिलिंद. चष्मा कपाळावर, कोपरावर विरलेला स्वेटर. "या ताई. फक्त चपला बाहेर काढा."

"मी भांडायला आलेय."

"भांडा की! पण चपला बाहेर काढून भांडा."

आत पाहते तर भिंतींना गाद्या. खालपासून वरपर्यंत, दाराच्या आतल्या बाजूलासुद्धा. इथे मोठा कचरा टाकायचा दिवस ठरलेला असतो. लोक जुनी कपाटं, सोफे, गाद्या फुटपाथवर आणून ठेवतात. हा पठ्ठ्या त्या दिवशी पहाटेच निघायचा आणि सायकलवर गादी आडवी टाकून घेऊन यायचा. त्याची बायको मित्रा बिचारी संशोधन करणारी, शांत मुलगी. ती मला म्हणायची, "ताई, लोकांना वाटतं आमच्याकडे पाहुण्यांची रांग लागलीय." मी तर त्याला तोंडावर म्हटलं, ही कसली भिकार लक्षणं? तो हसला, गादीवर टकटक केलं आणि म्हणाला, "ही बघा, ही कालव्यापलीकडची. हिच्यात आवाज बुडतो छान."

हे टकटक त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. दिसेल त्यावर बोटं वाजवून पाहायची. दुकानात कलिंगडावर टकटक करतात हे समजू शकते मी, पण हा पावावर करायचा, दुधाच्या डब्यावर करायचा, आमच्या यांच्या टकलाकडे बघून हात आवरायचा. एकदा माझ्या लोणच्याच्या बरणीवर वाजवून म्हणाला, "ताई, हिला चीर गेलीय, फुटणार." ती बरणी अजून माझ्याकडे आहे. तो कुठल्याशा बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांनी केलेलं मोडतंय का ते दिवसभर बघायचं, असली नोकरी. घरी आला की शेडमध्ये घुसायचा आणि तिथे मात्र काही मोडू नये म्हणून जीव टाकायचा.

डान्सहॉल म्हणतात त्या जमैकातल्या गाण्यांचा हा नाद त्याला रॉटरडॅममध्ये लागला. नवीन आला तेव्हा एका सुरिनामी न्हाव्याच्या दुकानावर खोली होती. जमिनीतून दिवसभर बास वर यायचा. परभणीकडच्या खेड्यातला मुलगा, ओळखीचं कोणी नाही, थंडी मरणाची. "ताई, त्या बासनं मला धरून ठेवलं," म्हणायचा. मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तर त्यानं मला बसवून समजावलं. जमैकातली पद्धत अशी, की एकजण नुसता ठेका आणि बास बांधतो. त्याला म्हणायचं रिडिम. मग तो रिडिम सगळ्यांसमोर ठेवायचा आणि ज्याला वाटेल त्यानं त्यावर आपलं गाणं म्हणायचं. ठेका एकच, पण गाणी वेगळी, गळे वेगळे. कोणी प्रेमाचं गातो, कोणी पोटापाण्याचं, कोणी दुसऱ्याची खेचतो. "आपल्या जलशात कसं, एकच चाल धरून प्रत्येक गायक आपलं कवन म्हणतो? तसंच. मला तर काही नवं वाटलंच नाही." आणि एकदा रिडिम सोडला की तो बांधणाऱ्याचा राहत नाही, हेही त्यानंच सांगितलं. अगदी अभिमानानं सांगितलं.

मला म्हणाला, "ताई, आधी पोटानं ऐका, मग कानानं." माझा हात गादीवर ठेवायला लावला. खरं सांगते, भांडायला गेलेली मी चहा पिऊन आले. कप किणकिणायचे ते किणकिणतच राहिले, मीच कपाटात रुमाल घातला.

हा स्वतः कधी नाचायचा नाही. बाकीचे त्या शेडमध्ये घाम येईस्तोवर हलायचे, हा आपला स्पीकरपाशी पोटावर हात ठेवून उभा. देवळात उभा राहिल्यासारखा म्हणणार होते, पण देऊळ म्हटलेलं त्याला आवडलं नसतं.

त्या रिडिमचं नाव त्यानं 'आबा' ठेवलं होतं. आबा म्हणजे त्याचे वडील. गावाकडे गवंडीकाम करायचे आणि संध्याकाळी गायचे. जयंतीला, लग्नात, बारशाला, पंचक्रोशीत कुठे कार्यक्रम असला की आबांना बोलावणं. भीमगीतं स्वतः रचायचे आणि गायचे. पण कोणी कधी रेकॉर्ड केलं नाही. आता गळ्यात आयुष्यभराचं सिमेंट बसलेलं. "आवाज चाललाय ताई," मिलिंद एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला. "प्रत्येक फोनला जरासा कमी झालेला असतो. तो जायच्या आत मला पकडायचाय. एकदाच. बाकी ज्यांना गायचंय त्यांनी गावं, पण हा रिडिम मी त्यांच्यासाठी बांधलाय."

"आणि ठेका कुठून आणलास?" मी विचारलं.

त्यानं आपली पाठ दाखवली. "हितून." एका खोलीचं घर, रात्री वडील त्याला कुशीत घ्यायचे आणि झोप लागेपर्यंत पाठीवर थोपटायचे. तीन थापा, थांबणं, एक थाप. रोज तेच. आई हसायची म्हणे, की तुझा बाप जलशात नाही इतका तुझ्या पाठीवर तालात असतो. सांगताना या घोड्याएवढ्या माणसाचे डोळे भरून आले होते.

मग त्याचे ते गाणारे यायला लागले. शेरिन नावाची सुरिनामी बाई, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळी घालायचं तिचं काम. ती पांढऱ्या डगल्यातच यायची. तिची आई नुकती गेली होती आणि त्या आईवरचंच गाणं तिनं या ठेक्यावर म्हटलं. भाषा मला कळली नाही, रडू मात्र आलं. कुरासाव बेटावरून आलेला बोबो बस चालवायचा, त्यानं फुकट्या प्रवाशांवर गाणं रचलं आणि प्रत्येक कडव्यात एकेकाला खाली उतरवलं. घरांवर कौलं घालणारा एक पोलिश माणूस आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यावर गायला. मिलिंदचा नियम असा, की आधी जेवायचं मग गायचं. "उपाशी आवाज पोकळ येतो." मित्रा पिठलं-भाकरी करायची आणि ही सगळी मंडळी जमिनीवर मांडी घालून ठेचा खात नाकं पुसायची.

बोबोनं एकदा हट्ट धरला, की ठेका जरा पळव, पोरं नाचायला हवीत. एरवी मिलिंद कोणाला नाही म्हणायचा नाही. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा उतरला. "हा माझ्या वडलांच्या हाताचा वेग आहे. तुला पळायचं तर दुसऱ्याच्या रिडिमवर पळ." बोबो रागावून निघून गेला आणि पुढच्या आठवड्यात केळी घेऊन परत आला.

ही गाणी बाहेर पडली आणि बघता बघता शेरिनचं गाणं गाड्यांमधून वाजायला लागलं. कुठून कुठून लोक त्या ठेक्यावर गायला लागले, मिलिंदला ठाऊकही नसलेले. त्याला काय आनंद! "ताई, वडलांचं नाव बघा कुठे कुठे गेलं." पण आबांना त्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, ऐकवलं तर नव्हतंच. त्यांना इथे आणायचं आणि समोर उभं करायचं, हे त्याचं ठरलेलं.

उन्हाळ्यात आबा आले. बुटके, काळेसावळे, पांढरा स्वच्छ शर्ट आणि डोक्याला लोकरीची टोपी. आल्या आल्या अख्खी गल्ली आपलीशी केली. कालव्याकाठी फिरायला जायचे आणि समोर येईल त्याला हात जोडून जय भीम. कुत्रं फिरवणारी एक डच म्हातारी त्यांना उलट "याय भीम" म्हणायला लागली होती. मिलिंदची मुलगी मैत्री तेव्हा जेमतेम पावलं टाकायची. ती आबांच्या खांद्यावरच झोपायची. दुसऱ्या कोणाकडे जाईना. मित्रा म्हणायची, "आबा आल्यापासून मी माणसात आले."

गायला आबा लगेच तयार झाले. आठवडाभर न्हाणीघरात त्यांची तालीम चालली होती, भिंतीतून मला ऐकू यायची. आवाज चिरकायचा, पण सूर जागेवर. रविवारी दुपारी मिलिंदनं आम्हाला बोलावलं. मी, मित्रा, शेरिन. आबांनी गळ्यात निळं उपरणं घेतलं होतं. मिलिंदनं त्यांच्या कानांवर हेडफोन घातला, टोपी नीट केली. "आबा, मी हात केला की सुरू करा."

ठेका सुरू झाला. आबा हसले. मग ते हसू तिथेच राहिलं आणि खालचा चेहरा बदलला. मिलिंदनं हात केला, आबा गप्प. त्याला वाटलं, घाबरले. पुन्हा पहिल्यापासून लावलं, पुन्हा हात केला. आबांनी हेडफोन काढला, टेबलावर ठेवला.

"हे कुठनं आनलंस?"

"तुमचंच आहे आबा! मला निजवताना पाठीवर वाजवायचा की. रोज."

"म्या?"

"आठवत नाही का तुम्हाला?"

आबांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "आरं लेकरा, हे मढ्याम्होरचं हाय."

आम्हाला कोणालाच कळेना. मग ते खाली बसले, त्या गादीला टेकून, आणि सांगायला लागले. गावात वरच्या आळीत कोणी मेलं की यांच्या घरी सांगावा यायचा, हलगी घेऊन ये. अंगात ताप असो, घरात लग्न असो, जायचं. तिरडीच्या पुढे वाजवत चालायचं, मसणवट्यापर्यंत. मागे वळून बघायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. मग लांब बसून राहायचं, कोणी शिळंपाकं आणून टाकील म्हणून. आजा वाजवत होता, बाप वाजवत होता, मिसरूड फुटायच्या आधीपासून हे वाजवत होते. मग एका दिवशी अख्ख्या वस्तीनं विहारापुढे आपापल्या हलग्या आणून पेटवल्या. आबांनी आपली स्वतःच्या हातानं टाकली.

"त्या दिसापसनं चामड्याला हात लावला न्हाई. जलशातबी ढोलकी दुसऱ्याच्या हातात दिली, म्या निस्ता गायलो. म्हनलं सुटलो." ते पुन्हा हाताकडे बघत राहिले. "ह्यानं सोडलंच न्हाई की मंग. आन म्या ते लेकराच्या पाठीवर वाजवलं? रोज?"

मिलिंद त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "आबा, मला त्यानं झोप लागायची. मला दुसरं काहीच आठवत नाही, फक्त तुमचा हात आठवतो."

"बंद कर ते," आबा म्हणाले. हेडफोनमधून अजून बारीक वाजत होतं.

शेरिन मला विचारत होती, काय झालं, काय म्हणाले ते? मला डच येतं, बाजारहाट करण्यापुरतं आणि डॉक्टरपुरतं. हे सांगण्यापुरतं येत नव्हतं. मराठीत तरी आलं असतं का?

त्या दिवसानंतर आबांनी दोन्ही हात शालीत घातले. उन्हाळ्यात शाल! जेवण्यापुरते बाहेर काढायचे. जय भीम नुसतं मान हलवून. मैत्री खांद्यावर यायला रडायची, तर म्हणायचे, "नगं. माज्या हाताला वळण वंगाळ हाय." पोर दाराशी उभी राहून हात पसरायची आणि हा म्हातारा तोंड फिरवून बसायचा. मला ते बघवेना. गेले एकदा समजावायला. म्हटलं, "आबा, तुम्ही मायेनं थोपटलंत, त्याला मायाच पोचली. ठेक्याचं काय एवढं?"

ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी पुन्याच्या. तुमच्यात हलगी कवा वाजती?"

"गणपतीला."

"आन वाजवनारा कुनाच्या घरचा आस्तो?"

मी उठले आणि घरी आले.

मिलिंदनं परोपरीनं सांगून पाहिलं. दुसऱ्या चालीवर गा, चालीशिवाय गा, नुसतं बोला. आबा म्हणायचे, गळा बसलाय. परतीचं तिकीट पुढचं होतं, ते त्यांनी अलीकडे घ्यायला लावलं. विमानतळावर मिलिंदनं पायाला हात लावला, तेव्हा आबांनी शालीतून हात काढला, त्याच्या पाठीपर्यंत आणला आणि परत शालीत घातला. हे मित्रानं मला सांगितलं. ती गाडीत वाटभर रडत आली होती.

हिवाळ्यात आबा गेले. मिलिंद पोचला तोवर मढं थांबवून ठेवलं होतं. परत आला तो आणखीच काटकुळा होऊन. माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. कशावर टकटक नाही, काही नाही, हात मांडीवर. म्हणाला, "ताई, तिथे कोणीच काही वाजवलं नाही. नुसती बुद्धवंदनेची गाथा म्हटली आणि चालत गेलो. आबांना तसंच हवं होतं. पण माझ्या कानात पूर्ण रस्ता तेच चालू होतं. मी त्यांच्या पुढे चालत होतो आणि मला ते बंद करता येईना." आणि हमसून हमसून रडला. मी त्याला जवळ घेतलं, आणि पाठीवर हात ठेवताना माझाच हात अडखळला. थोपटू की नको? नुसता ठेवून दिला.

मग त्यानं तो रिडिम मागे घ्यायचं मनावर घेतलं. प्रत्येकाच्या दारात गेला, की तुमचं गाणं काढून टाका. पोलिश माणसानं कारणसुद्धा विचारलं नाही, काढलं. बोबोनं कटकट केली आणि काढलं. शेरिन मात्र त्या दिवशी माझ्याकडे चहाला आली होती, म्हणून तो तिच्याशी बोलायला माझ्याच घरी आला. सगळं ऐकून घेतलं तिनं. डगल्याचं बटण पिरगाळत बसली होती. मग म्हणाली, "तुझ्या वडलांचं मला फार वाईट वाटतं. पण माझी आई त्याच्यात आहे, मिलिंद. माझ्याकडे ती दुसरीकडे कुठेच नाही."

तो मग म्हणाला, "ठेव."

आणि तिनं काढलं असतं तरी काय झालं असतं? कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांनी त्याच्यावर गाणी केली होती, त्यांच्या दारात कोण जाणार? एकदा सोडला की तो बांधणाऱ्याचा राहत नाही, असं तोच सांगायचा.

वसंतात मित्राला ग्रोनिंगनच्या विद्यापीठात काम मिळालं आणि त्यांनी घर विकायला काढलं. मोठ्या कचऱ्याच्या दिवशी मिलिंदनं सगळ्या गाद्या फुटपाथवर नेऊन ठेवल्या, एकीवर एक. मदतीला आमचे हे गेले होते, पण त्यानं कोणाला हात लावू दिला नाही.

ते जायच्या आधीची गोष्ट. मी भाजी घेऊन बसथांब्यावर उभी होते. पलीकडून मिलिंद सायकलवर येत होता, मागच्या खुर्चीत मैत्री. मी हात करणार, तेवढ्यात कोपऱ्यावरून एक गाडी आली. काचा खाली, आत चार पोरं, आणि स्पीकर फुटेस्तोवर लावलेलं तेच. कोणी तिऱ्हाईतच गात होता, ठेका आबांचा. मिलिंद सायकलवरून उतरला. सायकल रस्त्याच्या कडेला घेतली, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. आपल्याकडे वाटेत मयत आडवं आलं की माणूस बाजूला होऊन उभा राहतो ना, तसा. मी उचललेला हात खाली घेतला.

मागच्या खुर्चीत मैत्री त्या ठेक्यावर पाय हलवत होती, टाळ्या पिटत होती, एकदम खुशीत. त्यानं तिला थांबवलं नाही. गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली, बासही विरून गेला, तरी तो टोपी हातात धरून तसाच उभा होता.